कण्हेर

कण्हेर (संस्कृत नाव: करवीर, शास्त्रीय नाव: नेरियम ओलिअँडर, कुल: ॲपोसायनेसी म्हणजेच करवीर कुल) हे बारमाही हिरवे राहणारे, बहुवर्षायू आणि शोभेच्या फुलांसाठी लावले जाणारे मोठे झुडूप आहे. त्याचा नैसर्गिक प्रसार भूमध्य समुद्राच्या परिसरापासून इराण व भारतीय उपखंडातून चीनच्या नैर्ऋत्य भागापर्यंत आहे. पांढऱ्या, गुलाबी व तांबड्या फुलांचे गुच्छ, कडक ऊन आणि पाण्याचा ताण सोसण्याची शक्ती व अल्प निगेत वाढण्याचा गुण यांमुळे घरगुती बागा, देवळांची आवारे, सार्वजनिक उद्याने आणि महामार्गांचे दुभाजक अशा सर्व ठिकाणी कण्हेर आढळते.

कण्हेरीचे मूळ, साल, पान, फूल, बी व चीक हे सर्व भाग विषारी आहेत. या विषामुळेच गुरे सहसा तिला तोंड लावत नाहीत आणि ती राखणीवाचून वाढते. मात्र तिची छाटलेली फांदी चाऱ्यात मिसळली किंवा पान एखाद्या बालकाच्या तोंडात गेले, तर तेच विष प्राणावर बेतू शकते. त्यामुळे कण्हेरीच्या लागवडीचा विचार करताना जागेची निवड, छाटणी आणि छाटलेल्या भागांची विल्हेवाट यांना फुलांइतकेच महत्त्व द्यावे लागते.

नावे

‘करवीर’ या संस्कृत शब्दाच्या प्राकृत रूपांतून मराठी ‘कण्हेर’ आणि हिंदी ‘कनेर’ ही नावे आली. मराठीत ‘कण्हेरी’ असेही म्हणतात. फुलांच्या रंगावरून पांढरी कण्हेर व तांबडी कण्हेर असे भेद केले जातात. बंगालीत तिला ‘करबी’, तेलुगूत ‘गन्नेरु’, तर तमिळ व मलयाळम भाषांत ‘अरळी’ म्हणतात. संस्कृतातील ‘हयमारक’ व ‘अश्वमारक’ या पर्यायी नावांचा अर्थ ‘घोड्याला मारणारा’ असा आहे. अमरकोशात करवीराच्या पर्यायांत ‘हयमारक’ हा शब्द आलेला आहे. या वनस्पतीचा विषारीपणा प्राचीन काळापासून लोकांना ठाऊक होता, हे या नावांवरूनच दिसते.

वर्गीकरण

कार्ल लिनियस यांनी १७५३ साली ‘स्पीशीज प्लँटॅरम’ या ग्रंथात या वनस्पतीला आजचे शास्त्रीय नाव दिले. भारतीय कण्हेरीची फुले सुवासिक असल्यामुळे पूर्वी तिला ‘नेरियम ओडोरम’ किंवा ‘नेरियम इंडिकम’ या नावाने स्वतंत्र जाती मानत असत. जुन्या मराठी व इंग्रजी ग्रंथांत ही नावे आढळतात. आता ही सर्व नावे समानार्थी मानली जातात आणि नेरियम या प्रजातीत ही एकच जाती धरली जाते. सदाफुली, तगर, चाफा (खुरचाफा), करवंद, सर्पगंधा आणि रुई या वनस्पती कण्हेरीच्याच कुलातील आहेत.

वर्णन

कण्हेरीचे झुडूप साधारण २ ते ६ मीटर उंच वाढते. जमिनीलगत अनेक सरळ खोडे फुटत असल्याने ते मुळाशी दाट व वर पसरट दिसते. छाटून एकच खोड राखल्यास त्याला लहान वृक्षाचा आकार देता येतो. कोवळ्या फांद्या हिरव्या, तर जुन्या करड्या असतात. फांदी मोडल्यास चिकट चीक येतो.

पाने साधी, अखंड कडांची, लांबट भाल्यासारखी, सुमारे १० ते २० सेंमी. लांब आणि १ ते ३.५ सेंमी. रुंद असतात. बहुधा प्रत्येक पेऱ्यावर तीन पाने मंडलाकार येतात. पान जाड व चामड्यासारखे चिवट असून वरून गडद हिरवे आणि खालून फिकट असते. मधली शीर ठळक असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना बारीक समांतर उपशिरा असतात.

फुले फांद्यांच्या टोकांना गुच्छांनी येतात. फूल २.५ ते ५ सेंमी. व्यासाचे असते. पाकळ्या तळाशी जुळून नसराळ्यासारखी नळी होते आणि वर तिचे पाच भाग पसरतात. नळीच्या तोंडाशी झालरीसारखे तोरण असते. अनेक प्रकारांच्या फुलांना मंद गोड वास येतो. फळ म्हणजे जोडीने येणाऱ्या लांब, अरुंद शेंगांसारख्या पेटिका होत. त्या वाळल्यावर एका बाजूने उकलतात आणि केसांचा झुबका असलेल्या बिया वाऱ्याने पसरतात.

पानाची अंतर्रचना

कण्हेरीचे पान हे कोरड्या हवेशी जुळवून घेतलेल्या पानाचे उत्तम उदाहरण आहे आणि वनस्पतिशास्त्राच्या प्रात्यक्षिकांत त्याचा आडवा छेद विद्यार्थ्यांना दाखवला जातो. पानावर मेणचट द्रव्याचा जाड थर असतो. त्याखाली बाह्यत्वचेच्या पेशींचा एकच थर नसून अनेक थर असतात. बाष्पोत्सर्जन करणारी पर्णरंध्रे पानाच्या खालच्या बाजूस, तीही उघड्यावर नसून, खोलगट खळग्यांत दडलेली असतात. या खळग्यांत बारीक केस असतात. त्यांमुळे आतली दमट हवा चटकन बाहेर जात नाही आणि पाण्याची बचत होते.

कण्हेर निसर्गतः वाळवंटात नव्हे, तर ओढ्यांच्या व नद्यांच्या पात्रांत वाढते. ही पात्रे पावसाळ्यात दुथडी भरून वाहतात आणि उन्हाळ्यात कोरडी पडतात. मुळांना खोलवर ओल मिळत असली, तरी वर पानांना रखरखीत ऊन व तापलेले दगड सोसावे लागतात. बागेत ही वनस्पती पाण्याचा ताण सोसते आणि पाणी मिळताच जोमाने वाढते, याचे मूळ या अधिवासात आहे.

परागण

कण्हेरीचे फूल रंगाने व वासाने कीटकांना आकर्षून घेते; परंतु त्यात मधुरस नसतो. मधाच्या आशेने आलेला कीटक रिकाम्या हाताने परततो आणि त्याच्या येण्याजाण्यातच परागण घडते. फसवणुकीवर चालणाऱ्या या व्यवस्थेमुळे कीटकांच्या भेटी कमी होतात. झाड फुलांनी लदलेले असूनही त्यावर शेंगा मोजक्याच दिसतात, त्याचे हे एक कारण आहे. दुहेरी फुलांच्या प्रकारांत शेंगा आणखी विरळ असतात.

प्रकार

मूळ रानटी झुडपांची फुले बहुधा गुलाबी व एकेरी असतात. निवडीने व संकराने पांढऱ्या, फिकट गुलाबी, गडद गुलाबी, तांबड्या, पिवळसर आणि जर्दाळू रंगांच्या फुलांचे शेकडो प्रकार तयार झाले आहेत. पाकळ्यांच्या संख्येवरून एकेरी व दुहेरी असे भेद होतात. एकेरी फुले सुकल्यावर गळून पडतात. दुहेरी फुले मात्र सुकूनही गुच्छातच चिकटून राहतात आणि पावसात कुजकट दिसतात, म्हणून ती खुडावी लागतात. ‘सिस्टर अ‍ॅग्नेस’ हा पांढऱ्या एकेरी फुलांचा आणि ‘मिसेस रोडिंग’ हा जर्दाळू-गुलाबी दुहेरी फुलांचा प्रकार जगभर परिचित आहे. ‘पेटिट’ या नावाने ओळखले जाणारे बुटके प्रकार कुंडीत व लहान बागेत लावण्यास सोयीचे असतात. पानांवर पिवळे पट्टे असणारे चित्रपर्णी प्रकारही लावले जातात.

लागवड

हवामान व जागा

कण्हेरीला भरपूर ऊन लागते. दिवसाचे किमान सहा तास थेट ऊन मिळेल अशी जागा निवडावी. सावलीत झाड जगते. पण फांद्या लांबट होतात, बुंधा उघडा पडतो आणि फुले कमी येतात. जोराचा वारा, धूळ, वाहनांचा धूर आणि समुद्राकाठची खारी हवा यांचा तिच्यावर फारसा परिणाम होत नाही. कडाक्याची थंडी मात्र तिला बाधते. पक्व झुडूप उणे १० अंश सेल्सिअसच्या आसपासची थंडी थोडा काळच सोसू शकते. म्हणून उत्तर युरोपात ती मोठ्या कुंड्यांत लावून हिवाळ्यात घरात घेतात. महाराष्ट्रातील हवामान तिला सर्वत्र मानवते. येथे जवळजवळ वर्षभर फुले येत असली, तरी उन्हाळ्यात व पावसाळ्यात बहर अधिक असतो.

जागा ठरवताना ऊन जितके महत्त्वाचे, तितकेच जवळपास कोण वावरते हे पाहणे महत्त्वाचे आहे. गोठा, चाऱ्याची गंजी, जनावरांची पाण्याची टाकी, अंगणवाडी, शाळेचे किंवा मुलांचे खेळाचे मैदान यांच्या लगत कण्हेर लावू नये. विहिरीच्या काठावर किंवा उघड्या हौदावर तिची पाने गळतील अशी जागाही टाळावी. भाजीच्या वाफ्याजवळ, विशेषतः पालेभाजीत गळलेली पाने मिसळतील इतक्या अंतरावर, ती असू नये. रस्त्याकडेला, आवाराच्या बाहेरच्या कडेला किंवा फुलझाडांच्या ताटव्याच्या मागच्या ओळीत ती शोभून दिसते आणि तेथे धोकाही कमी असतो.

जमीन

हलकी, मुरमाड, रेताड, तांबडी किंवा काळी अशी कोणतीही जमीन कण्हेरीला चालते. किंचित खारवट जमिनीतही ती तग धरते. मुळांशी सतत पाणी साचून राहणे मात्र तिला मानवत नाही. काळ्या चिकण जमिनीत पावसाळ्यात पाणी तुंबत असल्यास खड्ड्याच्या तळाशी मुरूम व विटांचे तुकडे घालावेत किंवा उंचवटा करून त्यावर लावणी करावी.

अभिवृद्धी

बियांपासून रोपे होतात; पण ती मातृवृक्षासारखीच निघतील असे नाही आणि त्यांना फुलावर यायला वेळ लागतो. म्हणून अभिवृद्धी मुख्यतः फाटे कलमाने करतात. पेन्सिलीएवढ्या जाडीची, अर्धपक्व आणि फूल नसलेली १५ ते २० सेंमी. लांबीची फांदी पेऱ्याच्या लगेच खाली कापावी. खालची पाने काढून टाकावीत आणि वरची दोन-तीनच ठेवावीत. रेती व कुजलेले शेणखत यांच्या मिश्रणात फाटा एक-तृतीयांश पुरून सावलीत ठेवावा व मिश्रण ओलसर राखावे. साधारण एक ते दीड महिन्यात मुळे फुटतात. महाराष्ट्रात पावसाळ्याचा आरंभ हा यासाठी सर्वांत सोयीचा काळ होय. उन्हाळा तीव्र होण्यापूर्वी फेब्रुवारी-मार्चमध्येही फाटे लावता येतात.

पाण्याने भरलेल्या बाटलीत ठेवलेल्या फाट्यालाही सहज मुळे फुटतात. अशा बाटलीतील पाण्यात विष उतरते. म्हणून ती पिण्याच्या पाण्याच्या बाटल्यांपासून दूर, मुले व पाळीव प्राणी पोहोचणार नाहीत अशा जागी ठेवावी. जाड फांदीवर गुटी कलम करूनही मोठे रोप लवकर मिळवता येते.

लावणी

रोपासाठी दोन्ही बाजूंनी व खोलीने ४५ ते ६० सेंमी. खड्डा घ्यावा आणि तो माती व कुजलेले शेणखत यांनी भरावा. एकटे झुडूप पूर्ण आकाराला येण्यासाठी भोवती २ ते ३ मीटर जागा सोडावी. कुंपणासाठी दोन रोपांत सुमारे १ ते १.५ मीटर अंतर पुरते. लावणी पावसाळ्याच्या सुरुवातीस केल्यास मुळे धरेपर्यंत वेगळे पाणी द्यावे लागत नाही.

पाणी व खत

पहिल्या वर्षी रोपाला नियमित पाणी द्यावे. दुसऱ्या वर्षापासून उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा खोलवर मुरेल असे पाणी दिले तरी जमिनीतील झुडपाला पुरते. रोज थोडे थोडे पाणी देण्यापेक्षा हे अधिक हिताचे असते. जुने झुडूप पाण्यावाचूनही उन्हाळा काढते. पण मग फुले लहान व कमी येतात. खत म्हणून वर्षातून एक-दोनदा शेणखत किंवा कंपोस्ट पुरेसे होते. नत्रयुक्त खताचा मारा केल्यास पाने वाढतात, बहर लांबतो आणि लुसलुशीत शेंड्यांवर माव्याचा उपद्रव होतो.

छाटणी

कण्हेरीला फुले त्या हंगामात फुटलेल्या नव्या फांद्यांच्या टोकांवर येतात. त्यामुळे शेंडे जितके अधिक, तितके गुच्छ अधिक. पेऱ्यावर तीन पाने असल्यामुळे पेऱ्याच्या जरा वर कापलेल्या फांदीला बहुधा दोन-तीन फुटवे येतात आणि झुडूप भरगच्च होते. मोठा बहर ओसरल्यावर फांद्या एक-तृतीयांश कमी कराव्यात. थंडी संपताना जुनी, जाड व उघडी पडलेली खोडे मुळापासून काढावीत. वर्षानुवर्षे न छाटलेले झुडूप जमिनीपासून हातभर उंचीवर छाटले तरी पुन्हा फुटते. मात्र त्यानंतरचा बहर उशिरा येतो.

छाटणी करताना हातमोजे व पूर्ण बाह्यांचे कपडे वापरावेत, चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये आणि काम संपल्यावर हात व हत्यारे साबणाने धुवावीत.

कुंडीतील लागवड

बुटके प्रकार ३० ते ४५ सेंमी. व्यासाच्या कुंडीत चांगले वाढतात. कुंडीतील मातीत पाण्याचा निचरा व्हावा म्हणून रेती मिसळावी. जमिनीतील झुडपापेक्षा कुंडीतल्या झुडपाला अधिक वेळा पाणी लागते. दोन-तीन वर्षांनी मुळे छाटून माती बदलावी. गच्ची किंवा सज्जात लहान मुले अथवा कुत्री-मांजरे वावरत असतील, तर कण्हेरीऐवजी जास्वंद, एक्झोरा किंवा मोगरा लावणे श्रेयस्कर ठरते.

कीड व रोग

कोवळ्या शेंड्यांवर व कळ्यांवर पिवळ्या रंगाचा, काळ्या पायांचा मावा दाटीने बसतो. पाण्याचा जोरदार फवारा किंवा साबणाचे सौम्य द्रावण यांनी तो आटोक्यात येतो. ढालकिडे त्याला खातात, म्हणून तीव्र कीटकनाशके टाळावीत. पिठ्या ढेकूण आणि खवले कीड जुन्या फांद्यांवर आढळतात. त्या फांद्या छाटून टाकाव्यात.

कण्हेरीच्या पानांवर उपजीविका करणारे दोन कीटक विशेष लक्षवेधी आहेत. कण्हेरीवरील हॉक पतंगाची मोठी हिरवी अळी डोक्यामागे डोळ्यांसारखे दोन निळसर ठिपके बाळगते. ‘हबशी’ या फुलपाखराची अळीही ही पाने खाते. तिचा कोष चांदी-सोन्याच्या मुलाम्यासारखा चकाकतो आणि कित्येकदा पानाखाली लटकलेला आढळतो. या अळ्यांनी झाड सहसा मरत नाही, त्यामुळे घरगुती बागेत त्या हाताने वेचणे किंवा तशाच राहू देणे पुरेसे असते.

जिवाणूंमुळे फांद्यांवर व शेंगांवर गाठी येण्याचा एक रोग होतो. रोगट भाग खाली काही अंतर सोडून कापावा आणि प्रत्येक कापानंतर हत्यार निर्जंतुक करावे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात ‘झायलेला फास्टिडिओसा’ या जिवाणूमुळे होणाऱ्या पर्णकरपा रोगाने १९९० च्या दशकापासून महामार्गांवरील कण्हेरींचे मोठे नुकसान केले आहे. हा रोग रस शोषणाऱ्या तुडतुड्यांमार्फत पसरतो.

विषारीपणा

विषद्रव्ये व त्यांचे कार्य

कण्हेरीत हृदयावर परिणाम करणारी ग्लायकोसाइड गटातील अनेक द्रव्ये असतात. त्यांपैकी ओलिअँड्रिन हे प्रमुख होय. हृदयाच्या स्नायुपेशींच्या पटलावर सोडियम बाहेर टाकणारी व पोटॅशियम आत घेणारी एक यंत्रणा असते. ही द्रव्ये त्या यंत्रणेत अडथळा आणतात. परिणामी हृदयाची लय बिघडते, ठोके मंदावतात किंवा अनियमित होतात आणि रक्तातील पोटॅशियम धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकते. हृदयविकारावर दिले जाणारे डिगॉक्सिन हे औषधही याच प्रकारे काम करते. मात्र औषधाची मात्रा अतिशय काटेकोर ठरवलेली असते, तर झाडाच्या पानातील विषाचे प्रमाण झाडागणिक व ऋतूगणिक बदलते.

हे विष वाळल्याने किंवा शिजवल्याने नाहीसे होत नाही. कण्हेरीचे लाकूड जाळल्यास धूरही अपायकारक असतो. म्हणून तिच्या फांद्या चुलीत घालणे, त्यांवर अन्न भाजणे किंवा त्यांचे दातवण करणे हे सर्व धोक्याचे आहे.

माणसांतील विषबाधा

पान, फूल किंवा मूळ पोटात गेल्यास मळमळ, उलट्या, पोटदुखी व जुलाब ही लक्षणे प्रथम दिसतात. त्यानंतर चक्कर, गुंगी, धूसर दिसणे, नाडी मंद किंवा अनियमित होणे अशी लक्षणे उद्भवतात आणि गंभीर प्रसंगी हृदयक्रिया बंद पडून मृत्यू येतो. लहान मुलांना अगदी थोड्या प्रमाणातही गंभीर बाधा होऊ शकते. चिकाने काहींच्या त्वचेवर पुरळ येते आणि डोळ्यांची जळजळ होते.

विषबाधेचा संशय आल्यास लक्षणे दिसण्याची वाट न पाहता रुग्णाला ताबडतोब रुग्णालयात न्यावे. महाराष्ट्रात १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावता येते. मिठाचे पाणी पाजून किंवा घशात बोटे घालून उलटी करवू नये. दूध, तूप किंवा अन्य घरगुती उतारा देण्यात वेळ घालवू नये. तोंडातील उरलेले तुकडे काढून चूळ भरवावी. झाडाची डहाळी किंवा तिचे छायाचित्र सोबत नेल्यास डॉक्टरांना निदान करणे सोपे जाते. रुग्णालयात हृदयाच्या आलेखावर सतत लक्ष ठेवतात आणि गरजेनुसार सक्रिय कोळसा, अ‍ॅट्रोपिन तसेच डिगॉक्सिनविरोधी प्रतिपिंडे देतात.

जनावरांतील विषबाधा

गाय, बैल, म्हैस, घोडा, शेळी, मेंढी या सर्वांना कण्हेर घातक आहे. मोठ्या जनावराच्या बाबतीत दहा ते वीस पानेही प्राणघातक ठरू शकतात. उभ्या झाडाची ताजी पाने कडू असल्याने जनावर सहसा ती टाळते. धोका वाढतो तो छाटणीनंतर. वाळलेल्या पानांचा कडवटपणा जनावराला तितकासा जाणवत नाही. पण विष मात्र कायम असते. गवताच्या भाऱ्यात मिसळलेली पाने त्याला वेगळी काढता येत नाहीत. चाराटंचाईच्या दिवसांत भुकेले जनावर हिरव्या पाल्यालाही तोंड लावते. जनावर अचानक सुस्त होणे, हगवण लागणे, पाय लटपटणे व नाडी अनियमित होणे ही लक्षणे दिसताच पशुवैद्यकाला बोलवावे आणि उरलेला चारा लगेच काढून घ्यावा.

छाटलेल्या भागांची विल्हेवाट

• छाटलेल्या फांद्या, गळलेली पाने व फुले त्याच दिवशी गोळा करावीत. रस्त्याकडेला किंवा बांधावर ढीग लावून ठेवू नयेत.
• त्या जाळू नयेत आणि सरपण म्हणून कोणालाही देऊ नयेत.
• जनावरे पोहोचू शकतील अशा उकिरड्यावर त्या टाकू नयेत. जनावरे उकरू शकणार नाहीत इतक्या खोल खड्ड्यात पुराव्यात.
• कण्हेरीच्या आसपासचे गवत चाऱ्यासाठी कापू नये.
• माळी किंवा मजूर छाटणी करणार असल्यास झाड विषारी असल्याचे त्याला आधीच सांगावे.
• पूजेतील कण्हेरीची फुले व पत्री असलेले निर्माल्य गाईला खाऊ घालू नये.

उपयोग

कण्हेरीचा प्रमुख उपयोग शोभेसाठी व कुंपणासाठी होतो. भारतातील महामार्गांच्या दुभाजकांत ती मोठ्या प्रमाणावर लावली जाते. दाट, सदाहरित वाढीमुळे समोरून येणाऱ्या वाहनांच्या दिव्यांचा झोत अडतो, पाणी कमी लागते आणि मोकाट जनावरे तिचा फडशा पाडत नाहीत. ओढ्याकाठची व उतारावरची माती धरून ठेवण्यासाठीही ती उपयोगी पडते.

आयुर्वेदात करवीराचा उल्लेख प्राचीन आहे. चरकसंहितेत त्वचारोगांवरील ‘कुष्ठघ्न’ गणात त्याचा समावेश असून मुळांच्या सालीचा उपयोग मुख्यतः बाह्य लेपांत व तेलांत सांगितला आहे. रसशास्त्रात करवीराची गणना उपविषांत केली आहे आणि शोधन केल्याशिवाय ते औषधात वापरू नये असा दंडक आहे. यावरून त्याचा औषधी उपयोग हा तज्ज्ञांचा विषय आहे, हे स्पष्ट होते. झाडावरून तोडलेली पाने किंवा साल घरगुती काढ्यात वापरणे जीवावर बेतू शकते.

संस्कृतीत

महाराष्ट्रात गणेश चतुर्थीला वाहिल्या जाणाऱ्या २१ पत्रींत कण्हेरीचे पान असते. त्याच पत्रींत धोत्रा व रुई या आणखी दोन विषारी वनस्पती आहेत. कण्हेरीची फुले शंकर, देवी व सूर्य यांनाही वाहतात. ज्येष्ठ शुद्ध प्रतिपदेला करवीरव्रत सांगितले आहे.

कोल्हापूरचे प्राचीन नाव ‘करवीर’ असे आहे. महालक्ष्मीला ‘करवीरनिवासिनी’ म्हणतात आणि कोल्हापूर जिल्ह्यात करवीर नावाचा तालुका आहे. सातारा जिल्ह्यात वेण्णा नदीवर ‘कण्हेर’ हे धरण आहे. मुंबईजवळच्या कान्हेरी लेण्यांचे नाव मात्र ‘कृष्णगिरी’ या शब्दावरून आलेले असून त्याचा कण्हेरीशी संबंध नाही.

प्राचीन भारतात देहदंडाची शिक्षा झालेल्या व्यक्तीच्या गळ्यात तांबड्या कण्हेरीची माळ घालण्याची प्रथा होती. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ या नाटकाच्या दहाव्या अंकात चारुदत्ताला वधस्थानाकडे नेताना त्याच्या गळ्यात करवीराची माळ असते. रवींद्रनाथ टागोरांच्या ‘रक्तकरबी’ या बंगाली नाटकाचे नाव तांबड्या कण्हेरीवरून ठेवलेले आहे.

इटलीतील पाँपेई येथील भित्तिचित्रांत, बागेच्या दृश्यांमध्ये, कण्हेरीची झुडपे रंगवलेली आढळतात. जपानमधील हिरोशिमा शहरावर १९४५ साली अणुबाँब टाकला गेल्यानंतर तेथे सर्वप्रथम बहरलेल्या झाडांपैकी कण्हेर एक होती. म्हणून त्या शहराने तिला आपले अधिकृत पुष्प म्हणून निवडले.

केरळमध्ये अरळीची फुले देवळांतील पूजेत सर्रास वापरली जात असत. मे २०२४ मध्ये, अरळीचे पान चघळल्यामुळे एका तरुणीचा मृत्यू झाल्याचा संशय व्यक्त झाल्यानंतर, त्रावणकोर व मलबार देवस्वम मंडळांनी आपल्या अखत्यारीतील देवळांत नैवेद्यात व प्रसादात या फुलांचा वापर थांबवला.

साम्य असलेली वनस्पती

‘पिवळी कण्हेर’ किंवा ‘बिट्टी’ ही वेगळ्या प्रजातीची वनस्पती आहे. ती याच कुलातील असून तिचे शास्त्रीय नाव ‘कॅस्काबेला थेवेटिया’ असे आहे. पूर्वी ती ‘थेवेटिया पेरुव्हियाना’ म्हणून ओळखली जात असे. तिचे मूळस्थान उष्णकटिबंधीय अमेरिका असून ती नंतर भारतात आली. तिची पाने कण्हेरीपेक्षा अरुंद, तकतकीत व एकाआड एक असतात. फुले पिवळी किंवा फिकट नारिंगी व घंटेच्या आकाराची असतात. फांदी मोडल्यास पांढरा दुधी चीक भरपूर येतो. फळ शेंगेसारखे नसून गोलसर, कोनदार व आत कठीण आठळी असलेले असते. या फळांना बिट्ट्या म्हणतात आणि गावाकडे मुले त्यांच्याशी खेळतात. बिट्टीचे बी कण्हेरीप्रमाणेच हृदयावर परिणाम करणारे तीव्र विष आहे. त्यामुळे फुले पिवळी म्हणून ते झाड निर्धोक आहे, असे समजणे चूक ठरते. वर सांगितलेली सर्व दक्षता बिट्टीच्या बाबतीतही घ्यावी लागते.